रोजा, नियत आणि स्वादुपिंड

रमजानचा चाँद दिसायच्या आधीच गेली काही वर्षे आमच्या मोबाइलवर एक ठरावीक मजकूर येऊन पडतो. रोज्याने शरीरातले विष निघून जाते, रोज्याने सगळ्या ग्रंथी धुऊन स्वच्छ होतात, रोज्याने साखरेचा आजार पळतो, आणि सर्वांत शेवटी ठसठशीत अक्षरांत : जपानच्या एका शास्त्रज्ञाला रोज्याचे फायदे शोधून काढल्याबद्दल नोबेल मिळाले. पाठवणारे आमचेच असतात. मेहुणे, शेजारी, जुने विद्यार्थी. आम्हीही एकेकाळी तो पुढे पाठवला आहे, हे आधीच कबूल करतो.

त्या शास्त्रज्ञाचे नाव योशिनोरी ओसुमी. २०१६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले हे खरे. पेशी आपल्यातलाच निकामी झालेला भाग मोडून पुन्हा वापरात कसा आणते, याची यंत्रणा त्यांनी उलगडून दाखवली. त्यासाठी त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या, हेही खरे. पण यीस्ट म्हणजे पाव फुगवायचे खमीर. त्याला सहेरी नाही, इफ्तार नाही आणि नियतही नाही. रमजानचा त्या कामाशी काही संबंध नव्हता. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणी तपासली नाही, कारण तपासावीशी वाटली नाही. आपल्या रोज्यावर परक्या देशातल्या कुणा मोठ्या माणसाने शिक्का मारला, एवढाच आनंद आम्हाला पुरेसा होता.

या आनंदाच्या मुळाशी काय आहे, ते आम्हाला शाळेच्या स्टाफरूममध्ये उमगले. रमजानात दरवर्षी तिथे एक प्रश्न येतो. विचारणारे प्रेमानेच विचारतात : ‘‘पाणीसुद्धा नाही?’’ महाराष्ट्रात नोकरी केलेल्या प्रत्येक मुसलमानाने हा प्रश्न ऐकलेला आहे. आणि त्याचे उत्तर देताना आमची जीभ कशी वळते ते आम्ही पाहिले आहे. अल्लाहचा हुकूम आहे म्हणून, असे साधे उत्तर आम्ही देत नाही. संकोच वाटतो. मग आम्ही पोटाला विश्रांती, शरीराची शुद्धी, विज्ञान वगैरे बोलू लागतो. समोरचे मान डोलावतात, एकादशीचे उदाहरण देतात आणि विषय संपतो. आम्हाला वाटते आपण रोज्याची बाजू राखली. खरे तर आम्ही रोज्याची बाजू सोडून भलतीकडेच जाऊन बसलेलो असतो.

मग रोज्यात शरीरातल्या ग्रंथींचे नेमके होते तरी काय? ते आधी नीट पाहू. कारण जे खरोखर घडते ते त्या मजकुरातल्या चमत्कारांपेक्षा कितीतरी अधिक विचार करायला लावणारे आहे.

सहेरीला खाल्लेली भाकरी पचून तिची साखर रक्तात उतरते, तेव्हा स्वादुपिंडातल्या काही पेशी इन्सुलिन सोडतात. ही ग्रंथी पोटात जठराच्या मागे आडवी पडलेली असते, लांबट, हातभरही नाही. इन्सुलिन रक्तातली साखर स्नायूंना देते आणि उरलेली यकृतात साठवायला लावते. यकृतातला हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. चार-पाच तासांनी पोटातले अन्न संपते. इन्सुलिन ओसरते. त्याच स्वादुपिंडातल्या दुसऱ्या पेशी आता ग्लुकागॉन नावाचा स्राव सोडतात आणि यकृताला निरोप जातो की साठवलेले बाहेर काढ. एकट्या मेंदूलाच तासाला पाच ग्रॅमच्या घरात साखर लागते आणि तो इतर कुणासाठी थांबत नाही. दुपार कलते तसा यकृताचा साठा उतरत जातो, शरीर चरबीला हात घालते, आणि यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर घडवू लागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्यातून येणारे कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन या कामाला हातभार लावतात. पाणी नसते, म्हणून मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी मूत्रपिंडांना सांगते की पाणी जपून वापरा. लघवी कमी आणि गडद होते ती त्यामुळे.

हे सगळे मगरिबच्या अजानपर्यंत चालू असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपण घड्याळाकडे पाहत असतो.

पण ग्रंथींचेही एक घड्याळ असते, आणि रमजान सर्वांत जास्त हलवतो तो त्याला. कॉर्टिसॉल एरवी पहाटे चढते आणि रात्री उतरते. मेंदूतली एक बारीकशी ग्रंथी अंधार पडला की मेलाटोनिन सोडते आणि शरीराला कळते की रात्र झाली. रमजानात आपण रात्रीचा दिवस करतो. तरावीह, मग गप्पा, मग बाजार, मग थोडी झोप आणि पुन्हा सहेरीसाठी उठणे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा निरोगी तरुणांचे रक्त रमजानच्या आधी आणि रमजानमध्ये तपासले होते. मेलाटोनिनचे शिखर खाली आलेले आणि उशिरावर गेलेले दिसले, कॉर्टिसॉलची वेळ सरकलेली दिसली. ग्रंथी बिघडल्या नव्हत्या. त्यांनी फक्त नव्या वेळापत्रकाशी जुळवून घेतले होते. भुकेचेही तसेच. जठरातून भुकेचा निरोप नेणारा एक स्राव निघतो, तो नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतो. म्हणून पहिल्या दोन-तीन रोज्यांना दुपारी एक वाजता पोट ओरडते. पुढे ती ओरड मवाळ होत जाते. बायका म्हणतात, ‘‘पहिले तीन रोजे शरीराचे, पुढचे अल्लाहचे.’’ त्यात शास्त्र नसेल, पण निरीक्षण खोटे नाही.

आणि फायदे? निरोगी माणसाचे वजन महिन्याभरात किलो-सव्वा किलो उतरते आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांचे परत येते. निरोगी माणसाच्या थायरॉईडला विशेष काही होत नाही. ज्यांचे थायरॉईड मंद आहे त्यांना गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, म्हणून वेळ बदलावी लागते : सहेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठून किंवा इफ्तारनंतर काही तास जाऊ देऊन झोपताना. एवढेच. धुलाई नाही, शुद्धी नाही. जी थोडीफार बचत होते ती इफ्तारच्या ताटात भजी, समोसे, खजूर, सरबत आणि जिलबी मिळून वसूल करतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपण शेजाऱ्यांना हसून म्हणतो. ते आपल्याला काय म्हणत असतील याचा विचार करत नाही. इमाम गज़ाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी ‘इह्या’मध्ये याच सवयीवर बोट ठेवले आहे. दिवसभराचे राहिलेले सगळे रात्री भरून काढायचे, वर आणखी चार पदार्थ जास्त खायचे, तर उपाशी राहून साधले काय, असा त्यांचा रोख आहे. त्यांनी रोज्याचे तीन दर्जे सांगितले : सामान्यांचा, खास लोकांचा आणि त्याहून खासांचा. पोटाचा रोजा, डोळे-जीभ-हातांचा रोजा आणि मनाचा रोजा. या तिन्हींत ग्रंथींच्या आरोग्याचा दर्जा कुठेच नाही.

यात एक तर्काची अडचणही आहे. रोजा तब्येतीसाठी असेल, तर ज्याला तो बाधतो त्याच्यासाठी रोज्याचे कारणच उरत नाही. आणि रोजा हुकूम म्हणून असेल, तर तो तब्येतीला बरा आहे की नाही यावर त्याचे मोल ठरत नाही. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलतो. डॉक्टर रोजा चांगला म्हणाले की ते विज्ञान. तेच डॉक्टर एखाद्याला ‘‘तुम्ही धरू नका’’ म्हणाले की त्यांना दीन काय कळतो! विज्ञान आम्हाला साक्षीदार म्हणून हवे असते, आणि साक्षीदाराने आपल्या बाजूनेच बोलावे अशी आमची अट असते.

या अटीची किंमत आमच्या घरात मोजली गेली. म्हणूनच हे लिहायला घेतले.

२००९ साली रमजान आणि गणपती एकाच वेळी आले होते. बारावा रोजा अनंत चतुर्दशीला पडला. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी तेव्हा आमची फुफी राहत होती. वय पासष्टच्या पुढे, साखरेचा आजार चौदा-पंधरा वर्षांचा. लहानपणापासून तिने एकही रोजा सोडला नव्हता, असे ती सांगे. बाळंतपणातले सुटलेले रोजेही तिने नंतर एकेक करून भरले होते. रमजानच्या आधी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला रोजे न धरण्याबद्दल सांगितले होते. तिने ते आम्हाला सांगितलेच नाही. गोळी मात्र ती इमानाने घ्यायची. सकाळच्या नाश्त्याबरोबरची गोळी तिने सहेरीला घ्यायला सुरुवात केली. पूर्ण गोळी. कमी करायची असते हे तिला ठाऊक नव्हते, आम्हालाही नाही.

ती गोळी ग्लिबेनक्लामाइडची होती. तिचे काम स्वादुपिंडाला दाबून इन्सुलिन बाहेर काढायचे. पोटात अन्न असो वा नसो, ती गोळी आपले काम करते आणि बराच वेळ करते.

असरची नमाज झाली आणि फुफी जानमाजवरच बसून राहिली. आम्हाला वाटले तस्बीह पढते आहे. थोड्या वेळाने भावाच्या मुलीने येऊन सांगितले, दादी घामाने भिजली आहे. जाऊन पाहिले तर पदर ओला, हात थरथरत होते, आणि तिने आम्हाला आमच्या वारलेल्या वडिलांच्या नावाने हाक मारली. भाभीने सरबत आणले. फुफीने दात आवळले. ‘‘नको’’ म्हणाली. पुन्हा दिले, पुन्हा ‘‘नको’’. तिसऱ्या वेळी तिने पेला उडवला. आमच्या घरात त्या बाईने कधी वर आवाज केलेला आम्हाला आठवत नाही, आणि ती आम्हाला शिवी देत होती.

आम्ही तिघे भाऊ उभे होतो. मगरिबला पाऊण तास होता. एकजण म्हणाला, पाऊण तासाचा तर प्रश्न आहे, मागत नाही तर कशाला जबरदस्ती करता, इतक्या वर्षांचे तिचे रोजे आहेत. दुसरा काहीच बोलला नाही. त्या पाऊण तासाचा विचार आम्ही खरोखर केला, हे आज लिहिताना हात थांबतो. शेवटी थोरल्या भाभीने आमच्याकडे न पाहता मधाची बाटली उघडली, बोटाने तिच्या ओठांच्या आत, हिरड्यांना मध चोळला, आणि रिक्षा बोलवा म्हणाली. रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक होती. मंडळाच्या पोरांनी ढोल थांबवून रिक्षाला वाट करून दिली. दवाखान्यात साखर ३८ निघाली. हाताच्या शिरेतून ग्लुकोज गेले आणि दहा मिनिटांत फुफीने डोळे नीट उघडून विचारले, ‘‘अजान हो गई क्या?’’

झाली नव्हती. ते तिला कळले तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवले. घरी आल्यावर एवढेच म्हणाली : ‘‘मेरा रोजा कायकू तोडे रे तुमे?’’ ईदपर्यंत ती भाभीशी बोलली नाही.

आमच्यापुढचा प्रश्न हा होता, आणि अजून आहे. रोजा तिचा, नियत तिची. ती ‘‘नको’’ म्हणत होती. मग तो मोडण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला?

या प्रश्नाकडे आम्ही बरीच वर्षे चुकीच्या टोकाने पाहत होतो. जीव महत्त्वाचा की श्रद्धा, अशी त्याची मांडणी आम्ही करायचो आणि मग आपापल्या स्वभावाप्रमाणे एक बाजू घ्यायचो. पुढे एका ओळखीच्या डॉक्टरांनी त्या दिवशी तिच्या शरीरात काय झाले असेल ते समजावून सांगितले, तेव्हा प्रश्नच बदलला.

निरोगी माणसाची साखर खाली येऊ लागली तर शरीर तीन गोष्टी करते. आधी इन्सुलिन थांबते. मग ग्लुकागॉन वाढते. आणि तरीही साखर उतरत राहिली तर ॲड्रेनॅलिन धावून येते. घाम, थरथर, छातीत धडधड ही त्याची दवंडी. म्हणूनच निरोगी माणूस रोज्यात बेशुद्ध पडत नाही. तो फक्त चिडचिडा होतो. फुफीच्या शरीरात पहिला उपाय गोळीने बंद पाडला होता, कारण इन्सुलिन थांबतच नव्हते. दुसरा उपाय जुन्या मधुमेहात हळूहळू दुबळा होत जातो. उरली ती फक्त दवंडी, आणि ती आम्ही तस्बीह समजलो. साखर पन्नासच्या खाली गेली की मेंदूचे काम ढळते. माणसाला माणसे ओळखू येत नाहीत, तो हट्टी होतो, अंगावर येतो, आणि मदतीला नाही म्हणतो. हा नकार त्या आजाराचे एक ठरलेले लक्षण आहे. डॉक्टर मंडळी तो मनावर घेत नाहीत.

तर मग त्या संध्याकाळी ‘‘नको’’ म्हणाले कोण?

सहेरीला ज्या फुफीने नियत केली, तीच असरनंतर पेला उडवत होती, असे आम्ही गृहीत धरले होते. आपल्या धर्मात नियतीला फार मोठी जागा आहे. नियतीवाचून उपाशी राहणे म्हणजे नुसते उपाशी राहणे. पण नियत करायला शुद्धीतले मन लागते. वेडसर झालेल्यावर, शुद्ध हरपलेल्यावर शरीयत रोज्याचा बोजा टाकत नाही. मन म्हणजे काही शरीराबाहेर तरंगणारी वस्तू नाही, निदान या दुनियेत तरी. ते तासाला पाच ग्रॅम साखरेवर चालते. ती देणारी ग्रंथी मुकाट्याने आपले काम करत असते तोवर आपण म्हणतो, ही माझी इच्छा, ही माझी जिद्द, हा माझा ईमान. ग्रंथी चुकली की त्याच तोंडातून शिवी येते आणि आपण चकित होतो. जिद्द खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. ती सहेरीला खरीच होती. पण असरनंतरच्या नकाराला आम्ही तिच्या पन्नास-पंचावन्न वर्षांच्या रोज्यांची इज्जत देऊन बसलो, ही आमची चूक होती. भाभीने फुफीची नियत मोडली नाही. ती नियत करणारी बाई त्या घटकेला तिथे नव्हती, आणि भाभी तिला परत आणत होती.

असे म्हटल्यावर आमच्या एका मौलाना मित्रांनी एक रास्त शंका काढली. ते म्हणाले, हे हत्यार दुधारी आहे. उद्या कुणीही म्हणेल, भुकेने तुझे डोके ठिकाणावर नाही, तुझा निश्चय हा तुझ्या ग्रंथींचा खेळ आहे, आम्ही सांगतो ते ऐक. म्हाताऱ्या माणसांना, बायकांना असे म्हणणारे घरात पुष्कळ असतात. शंका खरी आहे. तिला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की ३८ आणि ९० यांत फरक आहे आणि तो बोटाच्या टोकावर मोजता येतो. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे आजचे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७०च्या खाली गेली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, हे आता आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनांच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे. पण खरा विचार व्हायला हवा तो रमजानच्या महिना-दीड महिना आधी, शांत डोक्याने, ज्याचा रोजा त्याच्याशी बोलून. असरनंतर पेल्याशी झटापट करताना कुणाचाच विचार शाबूत नसतो.

फुफी एकटी नव्हती. भारतासह तेरा मुस्लिम वस्तीच्या देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींची एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. प्रौढपणी होणारा मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के, आणि पूर्णपणे इन्सुलिनवर जगणाऱ्यांपैकीही ४३ टक्के लोकांनी रमजानात किमान पंधरा रोजे धरले होते. साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग पहिल्या गटात एरवीच्या सुमारे साडेसात पट आणि दुसऱ्या गटात सुमारे पावणेपाच पट झाले. आमच्या घरात घडले त्याच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने शारजा येथे मधुमेही आणि रोजा यावर ठराव केला होता. डॉक्टरांनी आखलेले धोक्याचे दर्जे उलेमांनी मान्य केले, आणि ज्यांना गंभीर धोका आहे त्यांनी रोजा धरू नये असे सांगितले. उलेमा आणि डॉक्टर एका टेबलावर बसून एकमताने बोलले होते. आमच्या गावच्या मशिदीत ते पोहोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. तो नोबेलचा मजकूर मात्र एका दिवसात पोहोचला.

केवळ मधुमेहच नव्हे. ज्यांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवत नाहीत, किंवा दम्यासाठी, सांध्यांसाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन ज्यांच्या त्या ग्रंथी सुस्तावल्या आहेत, त्यांच्याकडे उपवासाच्या ताणाला उत्तर द्यायला काही उरलेले नसते. तेही डॉक्टरला न विचारता रोजे धरताना आम्ही पाहतो.

आता सवलतीबद्दल. सूरह बकरामध्ये जिथे रोजा फर्ज केला आहे तिथेच, त्याच ओघात, आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत दिलेली आहे, आणि बोजा टाकण्याचा हेतू नाही हेही सांगितले आहे. हुकूम आणि सवलत एकाच हाताने दिलेली आहे. आम्ही मात्र हुकूम अल्लाहचा आणि सवलत अशक्तांची, अशी वाटणी करून टाकली. मक्का फतेह झाली त्या सफरीतला, हिजरी ८ च्या रमजानमधला प्रसंग हदीसमध्ये आहे. लोकांना रोजा जड जात होता आणि ते पैगंबरांकडे पाहत होते. असरनंतर त्यांनी पाण्याचा पेला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला, आणि प्याले. त्यानंतरही काहींनी रोजा तसाच चालू ठेवला, तेव्हा ते त्यांच्यावर नाराज झाले. वेळ असरनंतरचीच होती. मगरिबला फार अवकाश नव्हता. हा प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि त्या दिवशी पेला हातात असताना आम्हा तिघांपैकी एकालाही तो आठवला नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या भाभीने दाखवून दिली. ती म्हणाली, तुम्ही पुरुष ग्रंथींबद्दल आज बोलताय; आम्हाला शरीयतने ते कधीच सांगितले आहे. दर महिन्याला हैजच्या दिवसांत बाईला रोजा नाही. म्हणजे नुसती सवलत नाही, धरायचाच नाही, नंतर भरायचा. पिट्युटरी आणि बीजांडकोश यांच्यात चालणाऱ्या त्या महिन्याच्या देवाणघेवाणीला धर्माने मान दिला आहे, आणि त्या दिवसांत तिचा ईमान कमी झाला असे कुणी मौलाना म्हणत नाही. पण घरात काय चालते? ती बाई स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून चार घास खाते, पाणी पिताना भांड्याचा आवाज होऊ देत नाही, आणि सहेरीला सर्वांबरोबर उठून बसते. दीर-सासऱ्यांना कळू नये म्हणून. अल्लाहने जे उघडपणे माफ केले ते आम्ही तिला चोरून खायला लावतो. फुफीने डॉक्टरांचे बोलणे आमच्यापासून लपवले ते यातूनच. तिचे सारे आयुष्य त्या दाराआड शिकण्यात गेले होते. रोजा नाही हे उघड सांगण्याची भाषाच तिच्याकडे नव्हती.

फुफीला पुढच्या वर्षी आम्ही फिदयाबद्दल सांगितले. जो आजार बरा होणार नाही त्यात कजा रोजे भरायचे नसतात. एकेका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचे. ती मानायला तयार नव्हती. पैसे देऊन रोजा कसा होईल, म्हणाली. मग भाभीच, जिच्याशी ती ईदपर्यंत बोलली नव्हती, तिच्याजवळ बसली. दोघींत काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. पण त्या रमजानपासून फुफी फिदया पैशात देईना. रोज एक जेवण ती स्वतः रांधायची, पातळ रश्शाचे कालवण आणि दोन भाकऱ्या, आणि बसस्थानकामागे राहणाऱ्या एका एकट्या म्हाताऱ्या बाईला डब्यात पाठवायची. मीठ चाखता येते म्हणून हसायची. सहेरीला ती आम्हा सर्वांच्या आधी उठायची. स्वतः मात्र दुपारी जेवायची, आणि जेवायला बसली की दार लोटून घ्यायची. सात वर्षे हे चालले.

आता ती नाही. आमच्या घरात साखरेचा आजार असलेली दोन माणसे आहेत, त्यांतले एक आम्हीच. भाभी डॉक्टरांकडून रमजानआधी कागद लिहून आणते. कुणी किती रोजे धरायचे, गोळी किती आणि कधी, सगळे त्यावर असते. यंदा आमच्या नावापुढे शून्य होते. दुपारी एक वाजता भाभी आमचे ताट माजघरात मांडते. पहिल्या दिवशी आम्ही उठून दार लोटायला गेलो. तिने ते पुन्हा उघडले आणि वाळूचा डबा टेकवून ठेवला, वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून.